बसडेपोच्या झाडावरचा बोळका चोर

चप्प.

फ्रिजचं दार उघडताना असा आवाज होतो. एरवी तो कुणाच्या गावीही नसतो. पण दुपारची वेळ होती, पाच वर्षांची भिंगरी कशीबशी झोपली होती, तिच्या मुठीतलं आपलं बोट आईने मोठ्या शिताफीने नुकतंच सोडवून घेतलं होतं आणि घर इतकं गप्प झालं होतं की तो ‘चप्प’ तिला बंदुकीच्या बारासारखा वाटला.

ती चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेली. फ्रिजच्या दाराखाली दोन पाय दिसत होते, दारावर एक हॅट दिसत होती. मधला भाग तिचा थोरला भाऊ होता.

“हलू नकोस,” आतून हुकूम आला. “लोण्यावर बोटाचा ठसा आहे.”

“तुझाच आहे, दादा.”

“पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात.” दादाने मान बाहेर काढली. ओठ चकाकत होते. “तुला कल्पना नाही, तू कुणाच्या घरात राहतेस.”

“माझ्या.”

“अशा माणसाच्या,” दादा ऐकतोय कशाला, “की ज्याची नजर भिंतीतून आरपार जाते. ज्याच्या नाकाला गुन्ह्याचा वास गुन्हा घडायच्या आधी येतो. ज्याचा मेंदू झोपेतसुद्धा चालू असतो!”

“झोपेत घोरणं चालू असतं. मेंदूचं मला माहीत नाही. आणि हळू बोल, ती उठेल.”

सगळी इमारत दादाला ‘दुर्बीण’ म्हणायची. हे कौतुक आहे अशी त्याची समजूत होती. दुर्बिणीतून नाकासमोरचं काही दिसत नाही, हे त्याला समजावून सांगायला कुणाकडे वेळ नव्हता. मुळात तो पडद्यांच्या दुकानात मापं घ्यायचा. एकदा दुकानातली हरवलेली कात्री त्याने शोधून दिली आणि त्या विजयाच्या भरात नोकरी सोडली. कात्री त्याच्याच खिशात होती, एवढा तपशील तो गोष्ट सांगताना गाळतो. पुढे त्याने तीन प्रकरणं हाती घेतली. गच्चीवरचं मांजर आपणहून घरी आलं, वरच्या मजल्यावरचं भांडण आपणहून मिटलं, आणि रोज कमी होणाऱ्या दुधाचा तपास अजून चालू होता. तपासाच्या वेळी तो चहा पीत असे.

मग एका रविवारी वहिनी त्याला बॅगेसकट घेऊन आली. त्याला सोफ्यावर बसवलं, “थोडे दिवस असू दे इथे, मी येते मग,” म्हणाली, आणि चहा न घेता गेली. सोफ्याला आता दादाच्या आकाराचा खड्डा पडला होता. भिंगरीचे बाबा कामावरून आले की त्या खड्ड्याकडे बघायचे, बायकोकडे बघायचे आणि निमूटपणे खुर्ची ओढून घ्यायचे.

दारावर टकटक झाली. बेल न वाजवता टकटक, म्हणजे घरात मूल झोपलंय याची जाण असणारं माणूस. खालच्या मजल्यावरच्या खिडकीवाल्या बाई होत्या. बसडेपोत त्यांची खिडकी होती: लोक बसमध्ये जे जे विसरून जातात ते सांभाळून ठेवायचं, आणि मालक आला की द्यायचं.

“अगं, तुझ्याकडे एक काम होतं.” बाई पदराने नाही, हातातल्या कुणाच्या तरी लोकरी टोपीने डोळे पुसत होत्या. मग ते लक्षात आल्यावर टोपी नीट झटकून त्यांनी पिशवीत ठेवली. “माझं झाड लुटतायत गं.”

“कसलं झाड, बाई?”

बाईंनी सांगितलं ते असं. त्यांची खिडकी होती बस धुवायच्या शेडच्या मागे. तिथवर कुणी फिरकायचं नाही. खिडकी आहे हेच लोकांना माहीत नव्हतं. बाई मात्र वर्षानुवर्षं रोज छत्र्या झटकायच्या, हातमोजे धुवायच्या, कुणाच्या बाहुलीचं बटण तुटलं असेल तर शिवून ठेवायच्या. डेपोच्या साहेबांनी आता ठरवलं होतं की नव्या वर्षात खिडकी पाडायची आणि तिथे चहाचं यंत्र बसवायचं. बाईंची बदली बस धुण्यावर.

“माझे गुडघे हे असे. मी दिवसभर पाण्यात उभी राहू?” बाई म्हणाल्या. “आणि सामान? ते टाकून देणार म्हणतात. म्हणून म्हटलं, सभागृहात नाताळच्या झाडांचं प्रदर्शन लागतंय, प्रत्येक धंद्याचं एकेक झाड, तर डेपोचं झाड मी करते. हरवलेल्या वस्तूंचं. साहेब म्हणाले, करा. झाडाचं नाव झालं तर खिडकी राहील, नाहीतर नाही. मी जीव ओतून केलं गं. आणि आता त्याच्यावरचं एकेक जातंय. रविवारी बक्षीससमारंभ आहे. तोवर झाडाचा खराटा झाला तर साहेब काय म्हणतील? हरवलेल्या वस्तूसुद्धा हरवणारी बाई! तर मी ड्युटीवर असते तेव्हा दुपारची तू जरा झाडापाशी बसशील का? भिंगरीलाही गंमत.”

“बसेन की,” भिंगरीची आई म्हणाली.

“त्याची गरज नाही,” तिच्या मागून हॅट म्हणाली. “प्रकरण मी स्वीकारलं आहे.”

बाईंनी हॅटकडे बघितलं, मग भिंगरीच्या आईकडे. आजारी माणसाच्या नातेवाइकांकडे बघतात तसं.

“तू पण येच गं,” त्या हळूच म्हणाल्या.

*

सभागृहात शिरल्याबरोबर भिंगरीने आईचा हात सोडला आणि आ वासला. आईनेही वासला असता, पण तिच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात स्वेटर होता आणि दातांत भिंगरीच्या केसांची पिन होती.

झाडंच झाडं. आणि खरं सांगायचं तर झाडांपेक्षा ती करणारी माणसंच जास्त उघडी पडली होती. प्लंबर लोकांचं झाड पाइपांचं होतं. प्रत्येक फांदीच्या टोकाला नळ, आणि त्यातला एक गळत होता. खाली बादली ठेवून प्लंबर एकमेकांना सांगत होते की उद्या माणूस पाठवतो. बँकेचं झाड पेनांचं, प्रत्येक पेन दोरीने करकचून बांधलेलं, उठणारं मात्र एकही नाही. ग्रंथालयाच्या झाडावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि ग्रंथपाल ती मोठमोठ्याने वाचून दाखवत होते. विमा कंपनीचं झाड लांबून हिरवंगार दिसत होतं, जवळ गेल्यावर सगळा बारीक अक्षरांतला मजकूर निघाला. केस कापणाऱ्या बाईंनी केस कुरळे करायच्या रंगीत रुळांचं झाड करून वर केसांचा टोप घातला होता. ते हुबेहूब त्यांच्यासारखं दिसत होतं आणि त्यांना ते अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

डेपोचं झाड होतं कोपऱ्यात, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. मिटलेल्या छत्र्यांच्या फांद्या. पानांच्या जागी हातमोजे, सगळे एकेकटे, बोटं खाली लोंबलेली. मधे मधे चष्मे, खेळणी, मफलर, चिमुकले बूट. अगदी शेंड्यावर कापडी जिराफ, मानेला पट्टी बांधलेला. ते बघून आधी हसू यायचं, आणि मग आपलं काय काय हरवलंय ते आठवायचं.

“काय काय गेलं?” दादाने भिंग काढलं. ते भिंगरीचं होतं, त्याच्या मुठीवर बदक होतं.

“डाव्या हाताचा एक मोजा,” बाई म्हणाल्या. “एका पायाचा बूट. आणि कवळी.”

“कवळी?” भिंगरीची आई म्हणाली. “बसमध्ये कवळी कोण विसरतं?”

“शिंक आली असेल. आमचे ड्रायव्हर ब्रेक पण जोरात मारतात.” आणि बाई ड्युटीवर गेल्या.

दादा झाडाभोवती फिरला. मग उलटा फिरला. मग त्याला चक्कर आली म्हणून तो जरा बसला. उठला तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं.

“सहायक!” कामाच्या वेळी तो बहिणीला सहायक म्हणायचा. “हे घड्याळ बघ. चालू आहे, चोराने हात लावला नाही. ही चांदीची साखळी, हात लावला नाही. नेलं काय? एक मोजा, एक बूट, एक कवळी. यावरून चोराबद्दल काय कळतं?”

“की तो चोर नसावा.”

“चूक! चोराला एकच हात आहे, एकच पाय आहे आणि दात एकही नाही.”

भिंगरीच्या आईने दातांतली पिन काढून मुलीच्या केसांत खोचली. नीट बोलायला तोंड मोकळं हवं होतं. “दादा, असा माणूस इथे आला असता तर कुणाच्या तरी नजरेत भरला असता.”

“म्हणूनच तो वेशांतर करून आला!”

“कशाचं?”

“दोन हातापायांच्या माणसाचं.”

ती खुर्ची घेऊन झाडापाशी बसली. दादा दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात मोजू लागला. एका गृहस्थांचा एक हात कोटाच्या खिशात होता.

“दुसरा हात दाखवा,” दादा म्हणाला.

गृहस्थांनी तो काढला आणि दादाच्या हॅटवर असा काही ठेवला की हॅट हनुवटीला टेकली.

“हात शाबूत आहे,” दादाने हॅटच्या आतून जाहीर केलं. “संशयित निर्दोष.”

*

शनिवारी दुपारी दादाने पहिला सिद्धांत मोडीत काढला. चोर बोळका नव्हता, उलट त्याच्याकडे दात भरपूर होते.

“कवळीत कुणाला रस असतो? दातांच्या डॉक्टरांना! त्यांचं झाड समोरच आहे. शेंड्यावर काय आहे? दाढ! बाकीचे दात कुठून आणले?”

दातांचे डॉक्टर आपल्या टूथब्रशांच्या झाडाखाली बसून केक खात होते, आजूबाजूला कुणी पेशंट नाही ना असं बघत. दादा त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“डॉक्टर, तुमचे दात घशात घालायला मी आलोय.”

“बसा,” डॉक्टर म्हणाले. “आ करा.”

“मी तपासाला...”

“मोठा आ. हं. वरची डावी दाढ किडली आहे. खालची गेल्यात जमा आहे. रात्री गोड खाऊन तसेच झोपता का?”

“फक्त लोणी आणि साखर,” दादा आ वासलेल्या अवस्थेत म्हणाला. घरच्या एका जुन्या प्रकरणाचा असा निकाल लागला. भिंगरीच्या आईने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात प्लंबरांच्या झाडाकडून किंकाळी आली. भिंगरीने गळणारा नळ बंद करायला म्हणून फिरवला होता आणि तो आता गळत नव्हता, धो धो वाहत होता. भिंगरीची आई धावली. पोरीच्या बाह्या पिळल्या, मोजे बदलले, भिजलेली बोटं आपल्या हातांत धरून गरम केली. दादा डॉक्टरांकडून सुटून डेपोच्या झाडापाशी परतला होता. लांबून तिला एवढं दिसलं की तो छत्र्यांमध्ये भिंग खुपसून उभा आहे, एक आजोबा त्याला काहीतरी विचारतायत, आणि तो मान न वळवता त्यांना हातानेच वाटेला लावतोय.

ती परत आली तेव्हा झाडावरचा जाड काड्यांचा चष्मा नव्हता. उजव्या बाजूचा लाल हातमोजाही नव्हता.

“दादा! तू इथेच होतास ना?”

“डोळ्यांत तेल घालून!”

“मग कोण आलं होतं?”

“चिटपाखरूसुद्धा नाही. दोनचार सभ्य नागरिक येऊन गेले, पण त्यांच्याशी मी बोललो नाही, मी चोर शोधत होतो.” दादा एकदम थबकला. त्याच्या भुवया हॅटमध्ये शिरल्या. “म्हणजे चोर असा कुणीतरी आहे, जो झाडाजवळ आला तरी कुणाला शंका येणार नाही. ज्याला कुठली वस्तू कुठे टांगली आहे ते ठाऊक आहे. ज्याने ते झाड...”

“दादा, गप्प बस.”

पण नेमके त्याच वेळी डेपोचे साहेब पाहणीला आले आणि त्यांच्या मागून ड्युटी संपवून बाईही आल्या. दादाला श्रोते दिसले की दादा थांबत नाही.

“चोर सापडला!” त्याने बदकाचं भिंग बाईंवर रोखलं. “ज्या बाईंनी वस्तू टांगल्या, त्याच काढून नेतायत!”

सभागृहात एकदम इतकी शांतता झाली की ग्रंथपालांना काही वाचून दाखवायची गरज उरली नाही.

साहेब रागावले नाहीत. हीच तर वाईट गोष्ट होती. साहेबांचा चेहरा, फुकटात काम झालेल्या माणसाचा असतो तसा खुलला.

“मला काय करायचंय कुणी नेल्या ते,” साहेब म्हणाले. “सामान सांभाळता येत नाही एवढं दिसलं. उद्या समारंभातच सांगून टाकतो. झाड बाद, खिडकी बंद.”

बाईंनी एक वाकडी झालेली छत्री सरळ केली, खाली पडलेला हातमोजा उचलून फुंकर मारून परत टांगला आणि गुडघ्यावर हात ठेवत ठेवत निघून गेल्या.

घरी जाताना भिंगरीची आई दादाशी बोलत नव्हती. दादाला ते बराच वेळ कळलं नाही, कारण दादा बोलत होता.

“तुझ्या वहिनीला हे कळलं ना की मी एका झटक्यात...”

“दादा.” ती थांबली. “त्या बाई हरवलेल्या बाहुल्यांची बटणं शिवतात. त्या चोरी करतील? आता त्यांना त्या बर्फासारख्या पाण्यात उभं करतील, आणि ते तुझ्यामुळे. तुझी नजर भिंतीतून आरपार जाते ना? मधे माणूस उभं असतं रे, ते बघत जा जरा.”

दादाने पहिल्यांदाच हॅट काढली. आत त्याचे केस भिंगरीच्या केसांसारखेच चप्प बसले होते. ते बघून तिचा राग थोडा उतरणार होता. पण तेवढ्यात त्याने हॅट परत घातली.

“उद्या मी खऱ्या चोराला रंगेहाथ पकडीन,” तो म्हणाला. “वेशांतर करून!”

*

रविवारी दादा झाड झाला.

पडद्यांच्या दुकानातून निघताना त्याने एक हिरवा मखमली पडदा ‘पुरावा’ म्हणून आणला होता. तो डोक्यावरून घेतला, कमरेला सुतळी बांधली, बिस्किटांच्या डब्याचं झाकण शेंड्याला लावलं आणि डेपोच्या झाडाशेजारी जाऊन उभा राहिला. डोळ्यांसाठी भोकं पाडली होती. पण ज्या माणसाने आयुष्यभर पडद्यांची मापं घेतली त्याचं स्वतःचं माप चुकलं आणि भोकं बेंबीपाशी आली.

“दादा, तुला दिसतंय का काही?”

“गुप्तहेराला दिसावं लागत नाही,” पडदा म्हणाला. “जाणवतं.”

लोक येत होते. नव्या झाडापुढे थांबत होते.

“हे कुणाचं हो?”

“पाटी नाहीये. संकल्पना काय असेल?”

“बहुतेक नैराश्य.”

“नाही, नाही. शेंड्याला रिकामं झाकण आहे. पगार असेल.”

परीक्षकांनी माना हलवत काहीतरी लिहून घेतलं. एका लहान मुलाने झाडाला चिमटा काढला, तेव्हा झाड ‘आई गं’ म्हणालं आणि परीक्षकांनी पुन्हा लिहून घेतलं.

बाई एका कडेला उभ्या होत्या. चांगली साडी नेसून आल्या होत्या. वाईट बातमी ऐकायला जाताना माणूस उगाच नीट आवरून जातं, तसं. भिंगरीची आई त्यांचा हात धरून उभी होती. साहेब आणि साहेबांच्या बायको पहिल्या रांगेत बसले होते. ध्वनिक्षेपक खरखरत होता.

भिंगरी डेपोच्या झाडाखाली मांडी घालून जिराफाकडे बघत बसली होती. तेव्हा एक आजोबा आले. जाड काड्यांचा चष्मा लावलेले. त्यांनी झाडाकडे नीट बघितलं, हसले, आणि काळ्या मुठीची एक छत्री अलगद ओढून काढली.

“आजोबा,” भिंगरी म्हणाली, “ही तुमची आहे का?”

एवढाच प्रश्न. सगळ्या तपासात हा कुणी कुणाला विचारला नव्हता.

“हो गं बाळा, माझीच,” आजोबा म्हणाले. “मला वाटलं होतं, गेली ती गेली. असं ठेवलेलं असतं हे कुणाला माहीत! गुरुवारी इथून सहज जात होतो, तर समोर माझे दात. म्हटलं, हे तर माझेच!”

“मग छत्री तेव्हाच का नाही नेली?”

“दिसली कुठे? चष्मा नव्हता ना डोळ्यांवर. दातांपर्यंत कसाबसा पोचलो. घरी जाऊन दात लावले, जेवलो, अंगात जोर आला. काल पुन्हा आलो, चाचपडत चाचपडत चष्मा सापडला. आता डोळ्यांना दिसतंय, तर म्हटलं छत्री पण असेल इथेच.”

भिंगरीची आई केव्हाच जवळ आली होती. “अहो आजोबा, पण कुणाला विचारायचं तरी!”

“विचारलं की! गुरुवारी कुणी नव्हतं, आणि तोंडात दात नसताना विचारलेलं कळणार कुणाला? पण काल विचारलं. हॅट घातलेले एक गृहस्थ उभे होते, हातात बदक घेऊन. मी म्हटलं, हा चष्मा माझा आहे, नेऊ का? ते म्हणाले, न्या, न्या, पण बाजूला व्हा, मी चोर शोधतोय.”

शेजारचं हिरवं झाड थरथरलं आणि त्याच्या शेंड्याचं झाकण खणकन खाली पडलं.

भिंगरीच्या आईने बाईंकडे बघितलं. इतकी वर्षं बाई वस्तू मालकांसाठी जपत आल्या होत्या. पण मालक असा कधी आलाच नव्हता, त्यामुळे तो आला तेव्हा चोरच वाटला.

“म्हणजे... न्यायला आले?” बाई म्हणाल्या. “न्यायला आलेत?”

“मग काय!” आजोबांच्या मागून एक मुलगी म्हणाली. तिच्या हातात लाल हातमोज्यांची जोडी होती. “काल एक मिळाला, दुसरा घरीच होता. मला वाटलं, म्हणूनच टांगलंय ना हे सगळं?”

तेवढ्यात ध्वनिक्षेपकापाशी साहेब उभे राहिले. “डेपोच्या झाडाबाबत मला खेदाने सांगावंसं वाटतं...”

“चोर नाहीये!” भिंगरी ओरडली. तिचा आवाज रोज दुपारी झोप टाळून टाळून चांगला तयार झाला होता. “आजोबांची छत्री आहे! आणि दात पण त्यांचेच आहेत!”

आजोबांनी पुराव्यादाखल दात दाखवले. लोक हसले, उठले, झाडाभोवती गोळा झाले, आणि मग सुरुवात झाली. “अगं, हा आपल्या बाळाचा बूट! दुसरा मी परवा इथूनच उचलला.” “ही पिशवी माझ्या सासूबाईंची!” बाईंनी डोळे पुसले, कंबर कसली आणि एकदम खिडकीवाल्या बाई झाल्या. “रांगेत या! कुठल्या बसमध्ये विसरलात? बसायला कुठे होतात? अस्तर कुठल्या रंगाचं? हं, घ्या. पुन्हा विसरू नका!”

साहेब खाकरले. “पण अशाने झाड रिकामं होईल. स्पर्धेच्या दृष्टीने...”

“अहो!” साहेबांच्या बायकोचा हात झाडात गेला होता. तो बाहेर आला तेव्हा त्यात मोहरीच्या रंगाचा, जांभळ्या गोंड्यांचा एक मफलर होता. “हा मी विणलेला! ऑफिसातून चोरीला गेला म्हणाला होतात ना?”

साहेबांचा चेहरा मफलरच्या रंगाचा झाला.

“कुठे सापडला हा, बाई?” साहेबांच्या बायकोने विचारलं.

बाईंनी साहेबांकडे बघितलं. क्षणभर. “शेवटच्या स्टॉपवर, वहिनी. शेवटच्या सीटखाली. घडी घालून.”

“घडी घालून?” साहेबांच्या बायको म्हणाल्या.

माणूस विसरतो तेव्हा घडी घालत नाही, हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला कळलं. भिंगरीलाही कळलं, तिने आईला विचारून खात्री करून घेतली आणि आईने तिला हळूच सांगितलं की हो, साहेब मुद्दाम ठेवून आले होते.

बायकोने साहेबांच्या गळ्याला मफलर गुंडाळला, दोन वेढे देऊन, गाठ मारून. त्या अवस्थेत साहेबांनी ध्वनिक्षेपकावर जाहीर केलं की डेपोची खिडकी लोकोपयोगी आहे, ती राहील, आणि शेडमागून उचलून पुढे, फाटकापाशी आणली जाईल. गाठ घट्ट बसली असावी, कारण आवाज पातळ येत होता.

पहिलं बक्षीस केसांच्या रुळांना मिळालं. डेपोला काही मिळालं नाही. झाडावर तेव्हा शेंड्यावरचा जिराफ आणि चारदोन छत्र्याच उरल्या होत्या. बाईंना विचारायलाही वेळ नव्हता. उत्तेजनार्थ बक्षीस मात्र ‘निनावी झाड, संकल्पना नैराश्य’ याला मिळालं. ते घ्यायला झाड स्वतः चालत व्यासपीठावर गेलं, वाटेत प्लंबरांच्या बादलीत पाय घालून.

*

घरी जाताना दादा पुढे होता. पडदा मागे फरफटत होता आणि एक बूट पचक पचक वाजत होता.

“मी पहिल्याच दिवशी काय म्हटलं होतं?” तो मागे न बघता बोलत होता. “चोर बोळका आहे! होता की नाही बोळका? हातपायांचा तपशील किरकोळ होता. सहायक, तुझ्या वहिनीला फोन लाव आणि सांग, प्रकरण सुटलं म्हणावं, बक्षीस मिळालं म्हणावं.”

भिंगरीच्या आईला खूप काही बोलायचं होतं. सगळं जिभेच्या टोकावर होतं आणि त्यातलं बरंचसं झणझणीत होतं. तरी तिने फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला आणि बंद झाला.

“कामात असेल,” दादा म्हणाला. “मग करेल ती.” आणि पडद्याचं टोक खांद्यावर टाकून भराभर चालू लागला.

भिंगरीने आईच्या हातात हात सरकवला. बोटं आजही थोडी गारच होती. ती बराच वेळ मामाच्या पाठीकडे, मागे लोंबणाऱ्या सुतळीकडे बघत चालली. मग तिने आईचा हात खाली ओढला, मामाला ऐकू जाऊ नये म्हणून.

“आई, मामी मामाला आपल्याकडे विसरलीय,” तिने विचारलं, “की मुद्दाम ठेवून गेलीय?”